थंड इंजिन आणि पहाटेचे शेत : लहान डिझेल ट्रॅक्टरच्या प्रारंभ-समस्येचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय शेतीच्या यांत्रिकीकरणाचा इतिहास मांडताना ट्रॅक्टरची अश्वशक्ती, वार्षिक विक्री, बँकांचा कर्जपुरवठा आणि हरितक्रांतीशी असलेला त्याचा संबंध यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. या सर्व विवेचनात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे ट्रॅक्टर सुरू झाला आहे. प्रत्यक्षात रात्रभर उघड्यावर किंवा गोठ्यालगतच्या पत्र्याखाली उभे राहिलेले डिझेल इंजिन पौष महिन्यातील पहाटे सुरू करणे हे स्वतंत्र कौशल्याचे काम आहे. ग्रामीण महाराष्ट्रात 'ट्रॅक्टर थंडीत स्टार्टिंगला त्रास देतो' हे वाक्य सर्रास ऐकू येते. त्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा तंत्रेतिहास दडलेला आहे. परंतु मराठीतील इतिहासलेखनाने त्याची फारशी दखल घेतलेली नाही.

प्रस्तुत निबंधात हा इतिहास एका प्रश्नाच्या आधारे मांडला आहे. डिझेल इंजिनाला सुरू होण्यासाठी जी पहिली उष्णता लागते, ती कोणी आणि कशातून पुरवायची? या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली. ज्योत, काडतूस, दुसरे इंजिन, बॅटरी असा तो प्रवास आहे. प्रत्येक टप्प्यावर शेतकऱ्याच्या अंगावरील कष्ट व धोका कमी झाला, पण त्याचबरोबर इंजिन का सुरू होत नाही हे ओळखण्याचे ज्ञान त्याच्या हातातून थोडे थोडे निसटत गेले. या दुसऱ्या बाजूची नोंद यंत्राच्या इतिहासात क्वचितच होते.

दाबातून निर्माण होणारी उष्णता

पेट्रोल इंजिनात इंधन पेटविण्याचे काम विजेची ठिणगी करते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते आणि त्या तप्त हवेत फवारलेले इंधन पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये या तत्त्वाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ च्या फेब्रुवारीत ऑग्सबर्ग येथे त्यांच्या इंजिनाची अधिकृत चाचणी यशस्वी झाली. त्या चाचणीत इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णतेचे कार्यात रूपांतर झाले. तत्कालीन वाफेच्या इंजिनांशी तुलना करता हा आकडा थक्क करणारा होता. मात्र अशी इंजिने सुरू करण्यासाठी साठवून ठेवलेली दाबित हवा सोडावी लागे. कारखान्यात हवेच्या टाक्या ठेवणे शक्य होते. शेताच्या बांधावर नव्हते.

थंडीचा परिणाम नेमका किती, हे समजण्यासाठी एक साधे गणित उपयोगी पडते. सिलिंडरातील हवा सतरापट दाबली जाते असे धरू. इंजिनाच्या रिंगा व झडपा चांगल्या स्थितीत असतील आणि ते पुरेशा वेगाने फिरत असेल, तर दाबामुळे निर्माण झालेली बरीचशी उष्णता आत टिकते. अशा इंजिनात (घातांक १.३ धरल्यास) बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान असताना दाबलेली हवा सुमारे ४३५ अंशांपर्यंत तापते, बाहेर ५ अंश असताना ती सुमारे ३७५ अंशांपर्यंत पोहोचते. म्हणजे पंचवीस अंशांच्या थंडीमुळे साठ अंशांचे नुकसान होते. आता रिंगा झिजलेल्या आहेत, हवा खाली गळते आहे आणि इंजिन रेंगाळत फिरते आहे असे समजू (घातांक १.२५). तेव्हा ३० अंशांच्या उबदार हवेतही तापमान ३४० च्या आसपासच थांबते आणि ५ अंशांच्या थंडीत ते २९० पर्यंत खाली येते. प्रयोगशाळेत डिझेल सुमारे २१० ते २५० अंशांना आपोआप पेटते हे खरे. परंतु धावत्या सिलिंडरात पेट घेण्यासाठी मिळणारा अवधी सेकंदाचा अत्यल्प अंश असतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक उष्णता लागते.

या आकड्यांवरून निघणारा अर्थ महत्त्वाचा आहे. धडधाकट इंजिन कडाक्याच्या थंडीत जेवढे तापते, तेवढे झिजलेले इंजिन उन्हाळ्यातही तापत नाही. थंडी इंजिनात नवा दोष निर्माण करीत नाही, आधीपासून असलेला दोष ती उघड करते. 'एप्रिलमध्ये एका सेल्फला सुरू होत होता, डिसेंबरमध्ये घेत नाही' या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा डिसेंबरमध्ये नसून एप्रिलमध्ये असते. तेव्हा इंजिन काठावर होते, एवढेच.

थंडीचे आणखी दोन परिणाम याला येऊन मिळतात. इंजिनातील वंगण-तेल घट्ट होते, त्यामुळे फिरविण्यास अधिक जोर लागतो; आणि नेमक्या त्याच वेळी बॅटरीची ताकद घटते. शून्य अंशाला शिसे-आम्ल बॅटरीची क्षमता साधारणपणे एक-तृतीयांशाने कमी होते. मागणी वाढते आणि पुरवठा आटतो, अशी ही स्थिती असते.

ज्योतीचे युग

शेतीच्या यंत्रात दाबातून मिळणारी उष्णता अपुरी पडते, हे ओळखून तिला बाहेरून जोड देण्याची कल्पना डिझेल यांच्या इंजिनाआधीच साकार झाली होती. इंग्लंडमधील हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट यांनी १८९० मध्ये तप्तगोल पद्धतीचे पेटंट घेतले आणि ग्रँथॅम येथील रिचर्ड हॉर्न्सबी अँड सन्स या कारखान्याने १८९२ पासून अशी इंजिने बनविली. सिलिंडरच्या डोक्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा असे. तो दिव्याच्या ज्योतीने तापवायचा, मग इंजिन फिरवायचे. गोळ्याच्या तापलेल्या भिंतीवर पडलेले तेल पेट घेई आणि एकदा इंजिन चालू झाले की ज्वलनाच्या उष्णतेनेच गोळा तापलेला राही.

ही पद्धत सर्वाधिक लोकप्रिय केली ती जर्मनीतील मानहाइम येथील हाइनरिख लान्झ या कंपनीने. फ्रिट्झ हूबर यांनी रचलेला 'बुलडॉग' ट्रॅक्टर १९२१ मध्ये बाजारात आला. एकच आडवा सिलिंडर, मोजके भाग आणि कच्च्या तेलापासून हाती लागेल त्या इंधनावर चालण्याची तयारी हे त्याचे गुण होते. पण तो सुरू करणे हा एक विधीच असे. ब्लो लॅम्प पेटवून गोळ्याखाली ठेवायचा आणि काही मिनिटे थांबायचे. थंडीत ही प्रतीक्षा लांबे. नंतर सुकाणूचे चाक दांड्यासकट उपसून काढायचे, ते बाजूच्या जड गतिचक्रात बसवायचे आणि चक्राला मागे-पुढे झोके द्यायचे. एखाद्या झोक्याला इंजिन पेट घेई. ते उलट्या दिशेनेही सुरू होऊ शके. सुरुवातीच्या बुलडॉगला मागे नेण्यासाठी वेगळा गिअरच नव्हता. इंजिन उलटे फिरवूनच तो मागे नेत असत. चालू झालेल्या चक्रातून सुकाणू वेळेवर काढला नाही तर काय होई, हे सांगण्याची गरज नाही.

एक बाब मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. या पद्धतीत चालकाला उष्णता डोळ्यांनी दिसत असे. गोळा पुरेसा तापला की नाही हे तो रंगावरून ओळखी. इंजिनाने पेट घेतला नाही तर कारण शोधण्यासाठी त्याला दुसऱ्या कोणाकडे जावे लागत नसे. बुलडॉग मालिकेतील दोन लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. ते दुरुस्त करण्याचे सोपेपण त्यांच्या खपामागील एक प्रमुख कारण होते.

कागद, काडतूस आणि दुसरे इंजिन

१९२३ च्या सुमारास जर्मनीतच बेंझ-सेंडलिंग हा खऱ्या अर्थाने डिझेल इंजिन असलेला ट्रॅक्टर आला. १९२७ मध्ये बॉश कंपनीने इंधन फवारणीच्या पंपाचे घाऊक उत्पादन सुरू केले आणि डिझेल इंजिन लहान, हलके व परवडण्याजोगे होऊ लागले. तरीही पहिल्या उष्णतेचा प्रश्न सुटला नव्हता. त्यावर निरनिराळ्या देशांनी निवडलेली उत्तरे त्या त्या ठिकाणच्या शेतकऱ्याच्या आर्थिक स्थितीचा आरसाच आहेत.

इंग्लंडमध्ये मार्शल कंपनीचा 'फील्ड मार्शल' हा साडेसहा इंची व्यासाच्या एकाच सिलिंडरचा ट्रॅक्टर १९४५ पासून बनू लागला. तो सुरू करण्यासाठी सोरा मुरवलेल्या कागदाची सुरळी पेटवून, ती धुमसत असताना सिलिंडरच्या डोक्यातील भोकात बसवीत. गतिचक्राच्या कडेवर मळसूत्री खाच असे. तीत एक छोटे चाक ठेवले की चक्राच्या काही फेऱ्या होईपर्यंत सिलिंडरातील दाब मोकळा राही. तोवर हँडल मारणाऱ्याने वेग साधायचा आणि खाच संपताच दाब आपोआप बंद होऊन इंजिन पेट घेई. हाताचा जोर संपला किंवा गारठा फार असला, तर दुसरा मार्ग होता. रिकाम्या बाराचे काडतूस एका नळीत घालायचे आणि वर हातोडीचा ठोका द्यायचा. स्फोटाच्या वायूने दट्ट्या ढकलला जाई. शेतकरी बंदुकीच्या आवाजाने दिवस सुरू करीत असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

अमेरिकेतील उत्तर निराळे होते. कॅटरपिलर कंपनीने १९३१ मध्ये आपला पहिला डिझेल क्रॉलर ट्रॅक्टर काढला. मुख्य इंजिन सुरू करण्यासाठी त्यावर दोन सिलिंडरांचे वेगळे पेट्रोल इंजिनच बसविलेले होते. आधी ते हाताने सुरू करायचे. त्याचे गरम पाणी आणि धुराडे यांची ऊब मुख्य इंजिनाला द्यायची, मग क्लच जोडून मुख्य इंजिन हवा तितका वेळ फिरवीत राहायचे. जॉन डिअरच्या १९४९ च्या 'आर' मॉडेलातही हीच योजना होती. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९३५ च्या सुमारास आणखी वेगळी युक्ती केली. त्यांच्या 'डब्ल्यूडी-४०' चे इंजिन ठिणगीच्या प्लगसह पेट्रोलवर सुरू होई आणि तापल्यावर तेच इंजिन डिझेलवर वळविले जाई. अशा उपायांनी थंडीवर मात झाली, पण त्यासाठी दोन इंजिनांची किंवा दोन इंधनांची देखभाल पत्करावी लागली. मोठ्या शेतांच्या देशाला ते परवडले. वीस-पंचवीस अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरवर हा संसार थाटणे अशक्य होते.

भारतात क्रॉलर ट्रॅक्टर मोठ्या संख्येने आले ते स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. अमेरिकी लष्कराने मागे ठेवलेली यंत्रे घेऊन केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेली जमीन मोडून काढण्याचे काम हाती घेतले आणि १९४९ मध्ये जागतिक बँकेने याच कामाच्या यंत्रसामग्रीसाठी भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. ती यंत्रे सरकारी होती, चालक पगारी होते आणि दुरुस्तीसाठी कार्यशाळा होती. स्वतःच्या दारात एकच ट्रॅक्टर असलेल्या शेतकऱ्याची अडचण त्या व्यवस्थेला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

त्याच्या ओळखीचे डिझेल इंजिन वेगळे होते, ते विहिरीवरचे इंजिन. १९४६ मध्ये पुण्यातील खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढील दशकांत हाताने हँडल मारून सुरू होणारी इंजिने महाराष्ट्रातील विहिरींवर सर्वत्र दिसू लागली. दाब मोकळा करणारी दांडी उचलायची, हँडलला वेग द्यायचा, दांडी सोडायची आणि हँडल वेळेवर काढून घ्यायचे, हा क्रम शेतकऱ्याच्या अंगवळणी पडला. हँडल उलटे फिरल्यास मनगट मोडे. मोटारींच्या काळातील अशाच दुखापतींमुळे वैद्यकशास्त्रात मनगटाजवळच्या एका अस्थिभंगाला 'शोफरचा अस्थिभंग' हे नाव पडलेले आहे. मात्र याच हँडलातून इंजिनाचा दाब हाताला कळत असे. दांडी सोडल्यावर हाताला झटका बसला नाही तर 'कॉम्प्रेशन उतरले' हे निदान कोणत्याही उपकरणाविना होई. दाबमापक यंत्र म्हणजे स्वतःचा खांदा होता.

हीटर प्लग आणि पूर्वकक्ष

लहान डिझेल ट्रॅक्टर चालकाच्या आसनावरून, किल्ली किंवा बटणाने सुरू होऊ लागला तो प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतर. बेंझ कंपनीचे प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ मध्ये पेटंट घेतलेल्या पूर्वकक्ष पद्धतीचा यात मोठा वाटा होता. इंधन थेट सिलिंडरात न फवारता शेजारच्या लहान कप्प्यात फवारायचे, तिथे ते पेट घेऊन सिलिंडरात झेपावते. इंजिन मऊ चालते, फवारणीचा दाबही कमी पुरतो. पण या कप्प्याच्या भिंती थंड असताना हवेची उष्णता शोषून घेतात. म्हणून प्रत्येक कप्प्यात विजेवर तापणारी तार बसवावी लागते, तोच हीटर प्लग किंवा ग्लो प्लग. ज्योतीची जागा बॅटरीने घेतली.

या बदलाची किंमत फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १९४६ पासून पेट्रोलवर चालणाऱ्या 'टीई-२०' या लहान करड्या ट्रॅक्टरने जगभर नाव मिळविले. १९५१ मध्ये त्याची डिझेल आवृत्ती आली आणि पुढे १९५६ नंतर 'एफई-३५' या मॉडेलात स्टँडर्ड कंपनीचे चार सिलिंडरांचे '२३-सी' डिझेल इंजिन बसविण्यात आले. हे इंजिन चालताना गोड, पण हिवाळ्यात सुरू होण्यास हट्टी म्हणून इंग्लंडच्या शेतकऱ्यांत बदनाम झाले. १९५९ मध्ये मॅसी-फर्ग्युसनने पर्किन्स ही इंजिन बनविणारी कंपनीच विकत घेतली आणि त्याच सुमारास '३५' मध्ये पर्किन्सचे तीन सिलिंडरांचे इंजिन आले. त्यात इंधन थेट सिलिंडरात फवारले जात होते आणि ते थंडीतही चटकन सुरू होई. आज जुन्या ट्रॅक्टरांच्या इंग्लंडमधील बाजारात तीन सिलिंडरांच्या '३५' ला चार सिलिंडरांच्या '३५' पेक्षा अधिक मागणी असते, त्यामागे हेच कारण आहे. चेन्नईच्या टॅफे कंपनीने १९६० च्या दशकारंभी मॅसी-फर्ग्युसनच्या सहकार्याने भारतात उत्पादन सुरू केले, तेव्हा पर्किन्स घराण्याचे हे इंजिन तयार होते. इंग्लंडच्या शेतकऱ्याने सोसलेला एक टप्पा भारतीय शेतकऱ्याच्या वाट्याला आला नाही.

सर्वच उत्पादकांनी एक वाट धरली नव्हती. फरिदाबाद येथे १९५९ मध्ये तयार झालेला आयशर ट्रॅक्टर हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा होता. त्यात पाणी नसल्याने गोठण्याचा वा गळण्याचा प्रश्न नव्हता. पण रेडिएटरमध्ये ऊन पाणी ओतून इंजिनाला ऊब देण्याचा घरगुती उपायही त्याला लागू पडत नसे.

'डीआय' ही दोन अक्षरे

इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्र आणि व्होल्टास यांच्या सहकार्यातून १९६३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचा 'बी-२७५' हा ट्रॅक्टर महाराष्ट्रातील अनेक घरांत पहिला ट्रॅक्टर ठरला. मूळ ब्रिटिश रचनेत पूर्वकक्ष आणि हीटर प्लग होते. अशा जुन्या रचनांत हीटर प्लग एकामागून एक, एकाच साखळीत जोडलेले असत. लग्नमांडवातील जुन्या दिव्यांच्या माळेप्रमाणे त्यांतील एक जळाला की सारेच थंड पडत. चारपैकी कोणता गेला हे शोधण्यासाठी प्रत्येक प्लग क्रमाने वगळून पाहावे लागे. डॅशबोर्डवर एक छोटी तार लाल होऊन साखळी अखंड असल्याची खूण देई. ती लाल झाली नाही तर पुढचे कष्ट व्यर्थ. पुढे प्लग स्वतंत्रपणे, समांतर जोडण्याची रीत आली. त्यामुळे एक जळाला तरी बाकीचे तापतात. परंतु दोष लपून राहतो आणि तिसरा प्लग जळेपर्यंत मालकाला पत्ता लागत नाही.

त्यानंतरच्या महिंद्र ट्रॅक्टरांच्या बॉनेटवर '२६५ डीआय', '४७५ डीआय', '५७५ डीआय' अशी नावे झळकू लागली. 'डीआय' म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, अर्थात थेट फवारणी. गावोगाव ही अक्षरे उच्चारली जातात. त्यांचा अर्थ सांगणारे मात्र थोडे. पूर्वकक्ष गेल्याने डिझेलची बचत झाली, हा या बदलाचा मुख्य हेतू होता आणि १९७३ नंतर तेलाच्या किमती भडकल्यावर त्या बचतीला अधिकच मोल आले. पण त्याचा दुसरा परिणाम असा की, दाबलेल्या हवेची उष्णता कप्प्याच्या भिंतीत वाया जाईनाशी झाली आणि महाराष्ट्रासारख्या हवामानात चांगल्या स्थितीतील इंजिनाला हीटर प्लगची गरजच उरली नाही. थंडीवरचा हा सर्वांत परिणामकारक उपाय थंडीसाठी योजलेलाच नव्हता. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असे योग वारंवार आढळतात.

पूर्वकक्षाची पद्धत संपली असे मात्र नाही. अगदी लहान सिलिंडरांत ती टिकून राहिली. १९६७ मध्ये जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने बंगळूरु येथे सुरू झालेल्या व्हीएसटी कंपनीचे छोटे ट्रॅक्टर द्राक्षबागांत व फळबागांत लोकप्रिय झाले. जपानमध्ये यानमारने १९३३ मध्येच लहान डिझेल इंजिन व्यवहारात आणले होते, तीच परंपरा या यंत्रांमागे आहे. मोठ्या ट्रॅक्टरवरून लहान ट्रॅक्टरवर आलेला चालक हीटरसाठी न थांबता थेट सेल्फ मारतो आणि यंत्राला दोष देतो. चूक दोन रचनांमधील या फरकाची ओळख नसण्यात आहे.

निफाडची पहाट

महाराष्ट्रात थंडीच्या या प्रश्नाला सर्वाधिक धार येते ती नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात. राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातम्यांत निफाडचे नाव दरवर्षी येते. थंडीच्या लाटेत तेथील पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. ऑक्टोबर छाटणीनंतर डिसेंबर-जानेवारीत द्राक्षघड वाढीच्या नाजूक अवस्थेत असतात. भुरी आणि डाऊनी या रोगांवरील फवारणी ठरल्या वेळीच व्हावी लागते आणि ती ट्रॅक्टरच्या ब्लोअरने केली जाते. बागायतदार बागेत शेकोट्या पेटवून वेलींना ऊब देत असतो आणि त्याच वेळी शेडमध्ये ट्रॅक्टर सेल्फला दाद देत नसतो. अशा सकाळी वाया गेलेल्या दोन तासांची किंमत घडांच्या प्रतीत मोजावी लागते.

या घाईतूनच घातक उपाय जन्माला येतात. एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरणे हा त्यांपैकी सर्वांत परिचित. पाश्चात्त्य देशांत याच कामासाठी ईथरचा फवारा वापरला जातो. ईथर डिझेलपेक्षा फार लवकर पेट घेतो, त्यामुळे दट्ट्या वर पोहोचण्याआधीच आत स्फोट होतो. 'ठक्क' असा धातूचा आवाज येऊन इंजिन सुरू होते खरे, पण रिंगा व दट्ट्या यांवर घाव बसतो. हीटर प्लग किंवा हवेच्या मार्गातील हीटर तापलेला असताना तर भडका बाहेरच उडतो. रिंगा दुखावल्या की दाब आणखी उतरतो, दाब उतरला की पुढच्या पहाटे बोळा अधिक लागतो. काही जण म्हणतात की इंजिनाला 'पेट्रोलची सवय लागली'. यंत्राला सवय लागत नाही. त्याची झीज वाढलेली असते.

डिझेल गोठल्याची शंकाही अशा वेळी घेतली जाते. भारतीय मानकानुसार हिवाळ्यातील डिझेलचा प्रवाह-बिंदू ३ अंशांपेक्षा व उन्हाळ्यातील डिझेलचा १५ अंशांपेक्षा अधिक नसावा. त्यामुळे उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या बॅरलमधील डिझेल जानेवारीत वापरले तर त्यात मेण धरून फिल्टर तुंबण्याचा संभव आहे; ताज्या हिवाळी डिझेलला निफाडच्या सर्वसाधारण थंडीत ती भीती नाही. लडाखची गोष्ट निराळी. तेथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणले.

धुराची भाषा

हँडल गेल्यानंतरही निदानाचे एक साधन चालकाजवळ राहिले, ते म्हणजे धुराडे. सेल्फ मारताना धुराड्यातून काहीच येत नसेल तर इंधन सिलिंडरापर्यंत पोहोचलेले नाही. टाकीचा नळ, तुंबलेला फिल्टर, नळीत शिरलेली हवा किंवा बंद करण्याची ओढलेली दांडी यांपैकी काहीतरी कारण असते. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर इंधन पोहोचते आहे पण पेटत नाही. म्हणजे उष्णता कमी पडते, मग कारण फिरण्याचा मंद वेग असो, जळालेला हीटर प्लग असो, थेंब गाळणारे नोझल असो की उतरलेला दाब. निळसर धूर वंगण जळत असल्याचे आणि म्हणून बहुधा रिंगांच्या झिजेचे लक्षण. सुरू झाल्यावर काळा धूर राहिला तर हवेचा मार्ग आधी पाहावा.

पांढऱ्या धुराच्या बाबतीतही आधी स्वस्त कारणे तपासावीत, हा जुन्या मिस्त्रींचा क्रम तर्कशुद्ध आहे. बॅटरीच्या टोकांवर जमलेली पांढरी-हिरवी बुरशी, सैल पडलेली अर्थची तार, कमी झालेले बॅटरीतील पाणी यांमुळे सेल्फ रेंगाळतो आणि इंजिन 'बसले' असा भास होतो. गरम पाण्याने टोके धुऊन, घट्ट आवळून इंजिन सुरू झालेली उदाहरणे प्रत्येक गॅरेजमध्ये सांगितली जातात. त्यानंतर वंगण. हिवाळ्यात घट्ट एकश्रेणी तेलाऐवजी कंपनीने सुचविलेले बहुश्रेणी तेल वापरल्यास फिरण्याचा वेग लगेच सुधारतो. मग नोझल तपासणी. दाब मोजणे हे शेवटी, आणि त्यानंतरच रिंगा-पिस्टनचे काम. प्रत्यक्षात पुष्कळदा हा क्रम उलटतो. इंजिन उघडले जाते, मोठा खर्च होतो आणि तारेचे टोक सैलच राहते. ट्रॅक्टरसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत हा क्रम तक्त्याच्या रूपाने दिलेला असतो. एके काळी या पुस्तिका बहुतांशी इंग्रजीत असत. मराठीत आल्यावरही त्यांतील भाषा गॅरेजमधील भाषेपासून दूरच राहिली, आणि म्हणून ती पुस्तिका विम्याच्या कागदांबरोबर कपाटात पडून असते.

१ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना उत्सर्जनाचे कठोर नियम लागू झाले आणि त्यांत संगणक-नियंत्रित फवारणी आली. तिथे थंडीत किती इंधन द्यायचे हे यंत्रच ठरविते. न सुरू होण्याचे कारण धुरावरून नव्हे तर संकेतांकावरून वाचावे लागते आणि ते वाचण्याचे उपकरण विक्रेत्याकडे असते. त्याखालच्या लहान ट्रॅक्टरांत यांत्रिक पंप टिकून आहे.

जुन्या ट्रॅक्टरांच्या बाजारात थंड इंजिनाला आजही वेगळेच स्थान आहे. अनुभवी गिऱ्हाईक सौद्याला सकाळी लवकर आणि शक्यतो न कळविता येते. टायर, कागदपत्रे, रंग हे नंतर पाहायचे. प्रथम ते बॉनेट उघडून इंजिनावर तळहात ठेवते. इंजिन कोमट लागले तर विकणाऱ्याने ते आधीच सुरू करून ठेवलेले आहे. मग गिऱ्हाईक चहा घेते, इकडच्या तिकडच्या गप्पा मारते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा येतो म्हणून सांगते.